वल्हांडणाचा चंद्र आणि यंत्राची साक्ष

पवित्र सप्ताह जवळ आला की आमच्या धर्मसेवक बंधूंकडून एक प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. प्रभू येशू कोणत्या दिवशी वधस्तंभावर मरण पावला हे संगणकाने आता निश्चित केले आहे, असे म्हणतात. ते आम्ही मंडळीला सांगावे काय? प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा एखादा खगोलशास्त्रीय संगणक-कार्यक्रम स्वतः चालवून पाहिलेला असतो. त्यात यरुशलेम हे स्थळ आणि इसवी सन ३३ हे वर्ष घातले की ३ एप्रिलच्या संध्याकाळी पूर्णचंद्र पडद्यावर उगवतो, आणि तो ग्रहण लागलेल्या स्थितीत उगवतो. एवढे पाहिल्यावर भाविकाचे मन भारावून जावे, यात नवल नाही.

प्रस्तुत लेखात ह्या कार्यक्रमांची परीक्षा करण्याचे आम्ही योजिले आहे. ते प्राचीन काळातील चंद्राच्या कला कितपत अचूक सांगतात, त्यांच्या उत्तरांत परस्परांत अंतर किती पडते, आणि त्या उत्तरांवर उपदेशाचा किती भार टाकावा, हे तीन प्रश्न आम्ही घेणार आहोत. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. चंद्राविषयी ही यंत्रे विश्वासार्ह साक्षीदार आहेत. निसान महिन्याविषयी ती साक्षीदारच नव्हेत. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच बहुतेक घोटाळा माजला आहे.

प्रश्न चंद्राचा का?

प्रभूच्या मरणाचा वार चारही शुभवर्तमाने एकमुखाने सांगतात. तो शब्बाथाच्या आदला दिवस, म्हणजे शुक्रवार होता. मतभेद तिथीचा आहे. मार्क १४:१२ वरून शेवटचे भोजन हे वल्हांडणाचेच भोजन होते असे दिसते. तसे असेल तर मरणाचा दिवस निसान महिन्याचा पंधरावा ठरतो. उलट योहान १८:२८ आणि १९:१४ यांवरून वल्हांडणाचे भोजन अद्याप व्हावयाचे होते असे दिसते. मग तो दिवस चौदावा ठरतो. पंतय पिलाताची सुभेदारी इ. स. २६ ते ३६ अशी होती. तेव्हा ह्या दहा-अकरा वर्षांत निसानची चौदावी किंवा पंधरावी तिथी शुक्रवारी केव्हा आली, एवढाच प्रश्न गणितापुढे येतो.

यहूदी महिना अमावास्येपासून मोजला जात नसे. अमावास्येनंतर पश्चिमेस पहिली चंद्रकोर प्रत्यक्ष दिसली म्हणजे त्या संध्याकाळी नवा महिना लागे. आमच्या पंचांगात शुद्ध प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या ओळीत ‘चंद्रदर्शन’ असा शब्द छापलेला असतो. त्या चंद्रदर्शनाची संध्याकाळ म्हणजे यहूद्यांच्या महिन्याच्या पहिल्या दिवसाचा आरंभ, असे वाचकांनी समजावे. ज्यांच्या शेजारी मुसलमान कुटुंबे राहतात त्या हैदराबादच्या आमच्या वाचकांना याहून वेगळे स्पष्टीकरण नको. ईद उद्या की परवा, हे दिनदर्शिकेत छापलेले असले तरी निर्णय चंद्र दिसल्याच्या ग्वाहीवर होतो, हे ते दरवर्षी पाहतात.

म्हणून येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. सूर्य व चंद्र यांची युती, म्हणजे खरी अमावास्या, कोणत्या क्षणी झाली, हा पहिला. त्यानंतरची कोर यरुशलेमात कोणत्या संध्याकाळी दिसली आणि महिना कोणत्या दिवशी जाहीर झाला, हा दुसरा. पहिला प्रश्न खगोलशास्त्राचा आहे. दुसरा बव्हंशी इतिहासाचा आहे.

कोष्टकांकडून यंत्राकडे

हा उद्योग संगणकाने सुरू केला असे नव्हे. सर आयझॅक न्यूटन याने हे गणित करून इ. स. ३४ मधील २३ एप्रिल हा शुक्रवार पसंत केला होता. ते विवेचन त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकात फॉदरिंगॅम याने १९३४ मध्ये कोरीच्या दृश्यतेचा नियम लावून हा विचार अधिक शास्त्रीय पायावर आणला. पार्कर व डबरस्टाइन यांची बाबेली कालगणनेची कोष्टके १९४२ मध्ये व पुढे सुधारून १९५६ मध्ये निघाली. १९७३ मध्ये हर्मन गोल्डस्टाइन याने इ. स. पूर्व १००१ पासून इ. स. १६५१ पर्यंतच्या सर्व अमावास्या व पौर्णिमा यंत्राने मोजून एकत्र छापल्या. १९८३ मध्ये हम्फ्रीज व वॅडिंग्टन या दोघांनी ‘नेचर’ नियतकालिकात ह्याच प्रश्नावर लेख लिहिला. ३ एप्रिल ३३ ह्या तारखेचा आज जो बोलबाला आहे, त्याचा उगम बहुतांशी त्या लेखात आहे.

मराठी वाचकाला ह्या परंपरेचे अप्रूप वाटू नये. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीतच सिद्ध केला. पंचांगातले गणित आकाशात डोळ्यांना पटले पाहिजे, ह्या मुद्द्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. कोष्टक कितीही जुने व पूज्य असले तरी आकाशाशी ताडून पाहिल्याविना ते मानू नये, हा धडा त्या वादांनी दिला. तोच धडा आज संगणक-कार्यक्रमांना लावावयाचा आहे.

कार्यक्रमांची तुलना

प्रचारात असलेले कार्यक्रम वरून कितीही वेगळे दिसले तरी त्यांच्या पोटात चंद्राचे गणित करणाऱ्या पद्धती तीनच जातींच्या आहेत. पहिली जात संक्षिप्त सूत्रांची. बेल्जियमचे ज्याँ मेउस यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात जी सूत्रे दिली, त्यांवर असंख्य लहान कार्यक्रम व भ्रमणध्वनीवरील उपयोजने चालतात. दुसरी जात फ्रान्समध्ये शाप्राँ दांपत्याने सिद्ध केलेल्या विस्तृत चांद्र सिद्धांताची. ‘स्टेलॅरियम’ ह्या विनामूल्य व लोकप्रिय कार्यक्रमात हा सिद्धांत आहे, आणि वापरणाऱ्याची इच्छा असल्यास तिसऱ्या जातीची कोष्टकेही त्याला जोडता येतात. ती तिसरी जात म्हणजे अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने तयार केलेली संख्यात्मक कोष्टके. त्यांपैकी डी. ई. ४०६ हे इ. स. पूर्व तीन हजारांपर्यंत मागे जाते. २०१३ चे डी. ई. ४३१ व २०२१ चे डी. ई. ४४१ ही तर इ. स. पूर्व तेरा हजारांच्याही पलीकडे पोहोचतात. ‘स्विस एफेमेरिस’ हा संच याच कोष्टकांवर उभा आहे.

ह्या तिन्ही जाती इ. स. ३० किंवा ३३ च्या पौर्णिमेला लावून पाहिल्या तर काय दिसते? आकाशातील घड्याळाने, म्हणजे एकसारख्या वाहणाऱ्या काळाने मोजले, तर दुसऱ्या व तिसऱ्या जातीत भेद पडतो तो सेकंदांचा. पहिल्या जातीचे संक्षिप्त सूत्रही फार तर एखाद-दोन मिनिटांनी चुकते. चंद्र सूर्याच्या मानाने तासाभरात सुमारे अर्धा अंश, म्हणजे आपल्या बिंबाच्या रुंदीएवढा, सरकतो. एका मिनिटाचा फरक डोळ्यांना दिसणारच नाही. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले. त्यांवर लेसरचे किरण टाकून चंद्राचे अंतर तेव्हापासून मोजले जात आहे. आजच्या सिद्धांतांच्या अचूकतेमागे ही दीर्घ मोजणी उभी आहे. तेव्हा ‘कोणता कार्यक्रम अधिक अचूक’ ह्या प्रश्नावर जी चुरस चालते, ती निदान आमच्या विषयापुरती निष्फळ आहे.

पृथ्वीचे मंदावणारे घड्याळ

खरे अंतर पडते ते अन्यत्र. आकाशातील घड्याळ एकसारखे चालते. पृथ्वीचे चालत नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावते आहे आणि चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. दिवसाची लांबी एका शतकात १.८ मिलिसेकंदांच्या आसपास वाढते. हा आकडा नगण्य वाटतो. परंतु दररोजची ही तूट सात लाखांहून अधिक दिवस साचत गेली म्हणजे तिचे तास होतात. दोन घड्याळांतील ह्या फरकाला शास्त्रज्ञ ‘डेल्टा-टी’ म्हणतात. प्रभूच्या मरणाच्या काळी तो सुमारे २ तास ५० मिनिटे होता. म्हणजे जो कार्यक्रम हा फरक विसरतो, तो यरुशलेमची पौर्णिमा जवळजवळ तीन तास चुकीच्या वेळी दाखवतो.

हा आकडा सूत्राने मिळत नाही, साक्षीने मिळतो. बाबेलच्या ज्योतिष्यांनी मातीच्या विटांवर कोरून ठेवलेल्या ग्रहणांच्या नोंदी, तशाच चिनी, ग्रीक व अरबी नोंदी, हे त्याचे साक्षीदार. इ. स. पूर्व १३६ मध्ये १५ एप्रिल रोजी बाबेलमध्ये सूर्य पूर्ण झाकला गेल्याची नोंद आहे. पृथ्वीची गती तेव्हाही आजच्याइतकीच होती असे धरून गणित केले तर ती छाया बाबेलवर पडतच नाही. ती हजारो किलोमीटर बाजूला जाते. पृथ्वी मधल्या काळात किती मंदावली, हे त्या विटेवरून कळते. मॉरिसन व स्टीफन्सन यांनी २००४ मध्ये अशा नोंदी तपासून डेल्टा-टीची जी सारणी दिली, तीत पहिल्या शतकाच्या आरंभीची अनिश्चितता साधारण चार-पाच मिनिटांची आहे. २०१६ मध्ये होहेनकर्क यांच्यासह त्यांनी केलेल्या फेरतपासणीत ह्या काळापुरता बदल झाला तो काही मिनिटांचाच.

कार्यक्रम निरनिराळी उत्तरे देतात याचे मुख्य कारण हे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ असलेल्या एका सूत्राने इ. स. ३३ साठी डेल्टा-टी सुमारे २ तास ३८ मिनिटे येतो. नंतरच्या सूत्राने २ तास ५१ मिनिटे. चंद्र तोच, सिद्धांतही तोच. पण तेरा मिनिटांचे अंतर पडते. शिवाय चंद्राच्या गतीविषयी जे गृहीत धरून डेल्टा-टी काढला, त्याच्याशी न जुळणारा सिद्धांत त्याला जोडला, तर आणखी मिनिटभराची भर पडते. चांगला कार्यक्रम कोणता, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही म्हणू: जो आपला डेल्टा-टी कोणता हे उघड सांगतो आणि तो बदलू देतो, तो. ‘स्टेलॅरियम’मध्ये ही सोय आहे. जो एकच वेळ सेकंदांसह छापतो आणि तिचा आधार सांगत नाही, त्याच्यापासून सावध असावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घटनेची वेळ सेकंदांत सांगणे ही अचूकता नव्हे, तो अचूकतेचा आभास आहे.

वापरणाऱ्याच्या चुका

यंत्राच्या दोषांपेक्षा वापरणाऱ्याचे दोष मोठे असतात. आमच्या पाहण्यात वारंवार आलेले चार येथे सांगतो.

पहिला, पंचांगपद्धतीचा. पहिल्या शतकातील तारखा ज्युलियन पद्धतीच्या असतात. काही कार्यक्रम आजची ग्रेगोरियन पद्धतच मागे ताणतात. ३ एप्रिल ३३ ही ज्युलियन तारीख त्या पद्धतीने १ एप्रिल होते. ज्याला हे ठाऊक नाही तो ३ एप्रिल टंकतो आणि दोन दिवस उतरलेला चंद्र पाहून गोंधळतो.

दुसरा, शून्य वर्षाचा. इतिहासकार इ. स. पूर्व १ नंतर एकदम इ. स. १ मोजतात, खगोलशास्त्रज्ञ मध्ये शून्य वर्ष धरतात. यास्तव कार्यक्रमातील उणे ६ म्हणजे इ. स. पूर्व ७ होय. ज्यांना प्रभूच्या जन्मकाळचे ग्रहयोग पाहावयाचे असतात ते येथे हमखास ठेचकाळतात.

तिसरा, स्थळकाळाचा. यरुशलेमचा स्थानिक काळ ग्रिनिचपेक्षा २ तास २१ मिनिटे पुढे आहे. कार्यक्रमात भारतीय प्रमाणवेळ तशीच राहिली तर तीन तासांहून थोडी अधिक चूक होते, आणि संध्याकाळचा चंद्र रात्रीचा भासतो.

चौथा, दिवसाच्या आरंभाचा. आमचा पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून, दिनदर्शिकेचा मध्यरात्रीपासून, तर यहूदी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. गुरुवारी रात्रीचे भोजन व शुक्रवारी दुपारचे मरण हे यहूदी गणनेने एकाच दिवशी घडले, हे विसरल्यास सगळी तुलना फसते.

दोन शुक्रवार

हे सारे सांभाळून गणित केले म्हणजे दोन तारखा पुढे येतात: इ. स. ३० मधील ७ एप्रिल आणि इ. स. ३३ मधील ३ एप्रिल. दोन्ही शुक्रवार, आणि दोन्हींच्या आसपास पौर्णिमा.

इ. स. ३३ चे गणित सोपे आहे. युती १९ मार्चला दुपारी झाली. त्या संध्याकाळी चंद्र जेमतेम पाच तासांचा होता; तो दिसणे अशक्य. २० मार्चच्या संध्याकाळी तो एकोणतीस तासांच्या आसपास झाला होता. आकाश निरभ्र असेल तर तो दिसलाच असणार. तेथून मोजल्यास निसानची चौदावी शुक्रवारी, ३ एप्रिल रोजी येते.

इ. स. ३० ची गोष्ट निराळी आहे, आणि विचार करण्याजोगी आहे. युती २२ मार्चला सूर्यास्तानंतर, रात्री आठच्या सुमारास झाली. २३ मार्चच्या संध्याकाळी चंद्र सुमारे बावीस तासांचा होता. एवढी कोवळी कोर दिसते काय? केव्हा दिसते, केव्हा नाही. अनुकूल स्थितीत पंधरा-सोळा तासांची कोरही तीक्ष्ण डोळ्यांना क्वचित दिसलेली आहे. प्रतिकूल स्थितीत तीस तासांचीही दिसत नाही. कोर किती तासांची आहे एवढ्यावर ते ठरत नाही. चंद्र क्षितिजापासून किती उंच आहे, हवेत धूळ किती, पाहणारा कोठे उभा आहे, यांवर ते अवलंबून असते. ज्यांनी ह्या वर्षाचे गणित केले त्यांतील बहुतेकांनी ती कोर २३ तारखेला दिसली नसावी, २४ तारखेला दिसली, असे मानले आहे. तसे असल्यास शुक्रवार ७ एप्रिल हा निसानचा चौदावा दिवस होतो, आणि योहानाचे कथन जुळते. पण कोणा मेंढपाळाच्या किंवा यात्रेकरूच्या नजरेस ती २३ तारखेलाच पडली असेल, तर तोच शुक्रवार पंधरावा होतो, आणि मार्काचे कथन जुळते!

वाचकांनी ह्या स्थळी क्षणभर थांबावे. योहान आणि मार्क यांतील भेद हा नव्या कराराच्या अभ्यासातील एक जुना व अवघड प्रश्न आहे. तो आता यंत्र सोडवील, अशी पुष्कळांची अपेक्षा आहे. आणि यंत्र आम्हांस नेऊन सोडते कोठे, तर यरुशलेमच्या पश्चिमेकडील डोंगरांवर एका संध्याकाळी धुरळा होता की नव्हता, ह्या प्रश्नापाशी. डेल्टा-टी तेरा मिनिटांनी बदलला तर ती कोर बावीस तासांऐवजी सव्वाबावीस तासांची होईल. त्याने काहीच ठरत नाही. मार्चअखेर हे त्या देशात वळवाच्या पावसाचे आणि वाळवंटी वाऱ्यांचे दिवस. त्या संध्याकाळचे आभाळ कोणत्याही कोष्टकात नोंदलेले नाही.

ग्रस्तोदित चंद्र

३ एप्रिल ३३ च्या ग्रहणाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. कारण उपदेशांत त्याचाच वापर अधिक होतो. ते खंडग्रास चंद्रग्रहण होते, हे निर्विवाद. यरुशलेमात स्पर्श व मध्य ही दोन्ही चंद्र क्षितिजाखाली असताना झाली. प्रश्न एवढाच की चंद्र उगवला तेव्हा ग्रहण शिल्लक किती होते. हम्फ्रीज व वॅडिंग्टन यांच्या गणिताप्रमाणे चंद्र संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांच्या सुमारास उगवला तेव्हा त्याचा सुमारे पाचवा भाग छायेत होता, आणि ६ वाजून ५० मिनिटांनी मोक्ष झाला. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने योएलाच्या भविष्यवाणीचा आधार घेऊन रक्तवर्ण चंद्राचा उल्लेख केला (प्रेषितांची कृत्ये २:२०). त्या शब्दांमागे श्रोत्यांनी पन्नास दिवसांपूर्वी पाहिलेले हे ग्रहण होते, असे त्या दोघांनी सुचविले.

येथे मात्र मिनिटांना किंमत आहे. सगळा देखावा अर्ध्या तासाचा. त्यात तेरा मिनिटे इकडची तिकडे झाली तर फरक पडतो. डेल्टा-टी जितका मोठा धरावा तितके ग्रहण यरुशलेमच्या घड्याळात अलीकडे सरकते, आणि उगवत्या चंद्रावर छाया तितकी थोडी उरते. नंतरच्या सारण्यांनी हा आकडा वाढविला आहे, कमी केलेला नाही. त्याहूनही मोठी अडचण ब्रॅडली शेफर याने १९९० मध्ये दाखवून दिली. चंद्र उगवत होता तेव्हा संधिप्रकाश उजळ होता. अशा आकाशात बिंबाची छायेतील कड डोळ्यांना वेगळी दिसणेच कठीण. लाली तर दूरच राहिली; कारण बहुतेक बिंब प्रकाशित असताना झाकलेला भाग तांबडा न दिसता काळवंडलेला दिसतो. ह्या आक्षेपांनंतर त्या ग्रहणाने यरुशलेम नगर थरारले असेल, असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. योएलाचे शब्द ग्रहणाविना अर्थहीन होतात असेही नाही. प्रभूच्या दिवसाविषयी संदेष्ट्यांची भाषा अशीच असते.

ह्या बाबतीत प्राचीन मंडळीचे एक उदाहरण अनुकरणीय आहे. प्रभूच्या मरणसमयी पडलेला अंधार हे सूर्यग्रहण होते, असे म्हणणारे लेखक तेव्हाही होते. तिसऱ्या शतकातील ज्युलियस आफ्रिकॅनस हा ख्रिस्ती विद्वान. त्याला असा आधार स्वीकारणे सोयीचे होते. पण वल्हांडण पौर्णिमेस येतो आणि पौर्णिमेस सूर्यग्रहण होऊ शकत नाही, ह्या साध्या कारणाने त्याने तो नाकारला. श्रद्धेच्या बाजूने आलेला खोटा साक्षीदारही खोटाच, हे त्याने ओळखले.

महिना कोण ठरवी?

अखेरीस मूळ मुद्द्याकडे येतो. कोर दिसणे एवढ्याने महिना लागत नसे. ती पाहिल्याची साक्ष स्वीकारली जावी लागे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिशनात याचे वर्णन आहे. रब्बान गमलियेल आपल्या माडीवर चंद्राच्या कलांची चित्रे ठेवी आणि अडाणी साक्षीदारांना विचारी, असा दिसला की असा? एकदा त्याने दोघांची साक्ष मान्य केली. पण दुसऱ्या रात्री चंद्र कोणाला दिसला नाही. ते साक्षीदार खोटे ठरतात, असे इतर विद्वान म्हणाले, आणि रब्बी यहोशवाला ते पटले. तेव्हा गमलियेलाने त्याला आज्ञा केली की, तुझ्या हिशेबाने जो प्रायश्चित्ताचा दिवस येतो त्या दिवशी हातात काठी व पैसे घेऊन माझ्याकडे ये. यहोशवा गेला. गमलियेलाने उठून त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतले. गणित कदाचित यहोशवाचे बरोबर असेल. परंतु सण गमलियेलाच्या शब्दाने झाला.

अधिक मासाचेही तसेच. आमच्याकडे अधिक मास गणिताने आधीच ठरतो. तेथे जव पिकले की नाही, कोकरे पुरेशी वाढली की नाही, हे पाहून महिना वाढविला जाई. असा महिना वाढला तर वल्हांडण तीस दिवस पुढे जातो आणि वारही बदलतो. न्यूटनचा इ. स. ३४ मधील शुक्रवार जुळतो तो त्या वर्षी निसान महिनाभर पुढे गेला असे धरले तरच. इ. स. ३० व ३३ साली वडीलजनांनी काय ठरविले, याची नोंद आमच्यापर्यंत आलेली नाही. मिशनातील रिवाज मंदिराच्या नाशापूर्वी तंतोतंत असाच होता, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. याविषयी यंत्राला विचारणे म्हणजे गावच्या पंचायतीचा निकाल पर्जन्यमापकाला विचारण्यासारखे आहे.

उपदेशकाने काय सांगावे?

आमच्या धर्मशिक्षकांपुढे आज जे तरुण बसतात, त्यांच्या खिशात हीच यंत्रे असतात. ‘संगणकाने सिद्ध केले’ असे आपण रविवारी सांगितले, तर सोमवारी त्यांतील एखादा ते पडताळून पाहील. त्याला दुसऱ्या कार्यक्रमात दुसरी वेळ दिसेल, कोणा अभ्यासकाची दुसरी तारीख दिसेल, आणि उगवत्या चंद्रावर छाया जवळजवळ नसल्याचे दिसेल. मग त्याचा अविश्वास त्या तारखेपुरता राहणार नाही. तिच्याबरोबर जे जे आपण सांगितले त्या सर्वांवर तो पसरेल. जी गोष्ट शुभवर्तमानाने आपल्या शिरावर घेतली नाही, ती आपण त्याच्या शिरावर लादू नये.

तेव्हा सांगावे ते इतके: इ. स. ३० मधील ७ एप्रिल व इ. स. ३३ मधील ३ एप्रिल ह्या दोन तारखा गणिताला मान्य आहेत. त्यांत निवड करण्यास लूक ३:१ मधील तिबिर्य कैसराचे पंधरावे वर्ष आणि प्रभूच्या सेवेचा काळ यांचा विचार करावा लागतो. आणि निवड झाली तरी ती संभाव्यच राहते. ज्यांना आकाश पाहण्याची गोडी आहे त्यांना आम्ही मुळीच परावृत्त करीत नाही. कार्यक्रम उघडा, डेल्टा-टी तपासा, ज्युलियन तारीख घाला, आणि पाहा.

कारण एक गोष्ट ही सर्व यंत्रे एकमुखाने सांगतात, आणि तिच्यात ना सूत्राने फरक पडतो ना साक्षीदाराने. वर्ष कोणतेही घ्या, तिथी चौदावी घ्या की पंधरावी. ज्या रात्री प्रभू गेथशेमाने बागेत प्रार्थना करीत होता, त्या रात्री जैतुनाच्या डोंगरावर जवळजवळ पूर्ण चंद्र होता. आणि त्याला धरावयास आलेले लोक, योहान १८:३ सांगतो, दिवे व मशाली घेऊन आले होते. शुक्रवारच्या उपासनेत आमच्या बंधूंनी ह्यावर अवश्य बोलावे. त्यासाठी कोणत्याही तारखेची गरज नाही. मंडळीच्या विश्वासांगीकारातही मरणाची तारीख नाही. पंतय पिलाताचे नाव तेवढे आहे, आणि इतिहासाशी नाते सांगण्यास पूर्वजांना तेवढे पुरेसे वाटले.